'गंभीर' आणि 'यथोचित' : सायबर गुन्हेविषयक कराराची शब्दयोजना व नागरी समाजाचा सहभाग

आंतरराष्ट्रीय कराराची संहिता हा भाषाभ्यासकाच्या विचाराचा विषय होऊ शकतो, ही गोष्ट आपल्याकडील विद्यापीठीय वर्तुळात अद्याप फारशी रुजलेली नाही. करार म्हटला की तो विधिज्ञांचा व मुत्सद्द्यांचा प्रांत, आणि भाषेच्या अभ्यासकाने फार तर त्याच्या भाषांतरापुरते पाहावे, अशी एक अलिखित वाटणी होऊन बसली आहे. वस्तुतः करार म्हणजे शब्दच. त्याच्या मागे सैन्य असो वा नसो, द्रव्यबळ असो वा नसो, प्रत्यक्षात राष्ट्रांना बांधते ती वाक्यरचना. आणि एखादे क्रियाविशेषण अमुक ठिकाणी पडले की तमुक ठिकाणी, ह्यावर कोणाच्या तरी घराची झडती अवलंबून राहते. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २४ डिसेंबर २०२४ रोजी मतदानावाचून स्वीकारलेला सायबर गुन्हेविरोधी करार हा ह्या दृष्टीने अभ्यसनीय आहे. त्याचा प्रत्येक शब्द सुमारे तीन वर्षे शंभराहून अधिक राष्ट्रांच्या प्रतिनिधींनी घासूनपुसून पाहिला आणि त्या शब्दांच्या घडणीत शासनेतर मंडळींनाही, मर्यादित का होईना, प्रवेश मिळाला. प्रस्तुत लेखात ह्या संहितेतील काही स्थळे तपासावयाची आहेत, आणि त्या निमित्ताने नागरी समाजाच्या सहभागाचे मोल कोणत्या मापाने मोजावे, ह्याचाही विचार करावयाचा आहे. हा सहभाग किती संस्थांना बसावयास जागा मिळाली ह्यावरून मोजण्याची प्रथा आहे. आमच्या मते तो शब्दांवरून मोजला पाहिजे.

प्रथम पूर्वेतिहास थोडक्यात सांगणे प्राप्त आहे. ह्या क्षेत्रातील जुना करार म्हणजे युरोपीय परिषदेचा बुडापेस्ट येथील २००१ चा करार. तो घडविताना आपण उपस्थित नव्हतो असे म्हणणारी राष्ट्रे पुष्कळ होती. भारत त्यांपैकी एक असून त्याने त्या करारावर सही केलेली नाही. रशियाने पुढाकार घेऊन मांडलेला नव्या कराराचा ठराव आमसभेत २७ डिसेंबर २०१९ रोजी ७९ विरुद्ध ६० अशा मतांनी संमत झाला. ३३ राष्ट्रे तटस्थ राहिली. इतक्या थोड्या मताधिक्याने आरंभिलेले कार्य पुढे एकमताने तडीस गेले, ही घटनाच संहितेच्या अभ्यासकाला सावध करणारी आहे. मतभेद मिटले म्हणून एकमत झाले, की मतभेद झाकणारे शब्द सापडले म्हणून झाले? अल्जिरियाच्या फौझिया बुमाईझा मेबार्की ह्यांच्या अध्यक्षतेखाली समितीची अधिवेशने फेब्रुवारी २०२२ पासून न्यूयॉर्क व व्हिएन्ना येथे भरली आणि ८ ऑगस्ट २०२४ रोजी मसुदा कायम झाला. हनोई येथे २५ ऑक्टोबर २०२५ रोजी करार सह्यांसाठी खुला करण्यात आला. चाळीस राष्ट्रांच्या अनुसमर्थनानंतर नव्वद दिवसांनी तो अंमलात यावयाचा आहे.

मतभेद झाकणाऱ्या शब्दांचा पहिला नमुना खुद्द शीर्षकातच आढळतो. ते शीर्षक अर्धविरामाने दुभंगलेले आहे. अर्धविरामापूर्वी 'सायबर गुन्हेविरोधी करार' एवढेच सुटसुटीत नाव. अर्धविरामानंतर, माहिती व संप्रेषण तंत्रज्ञान प्रणालींच्या द्वारे केलेल्या काही गुन्ह्यांचा प्रतिकार आणि गंभीर गुन्ह्यांच्या इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील पुराव्याची देवघेव ह्यांसाठी आंतरराष्ट्रीय सहकार्य दृढ करणे, असे लांबलचक शेपूट. दोन पक्षांना दोन नावे हवी होती. एकाला 'सायबर गुन्हा' ही संकुचित संज्ञा हवी होती, तर दुसऱ्याला तंत्रज्ञानाच्या द्वारे होणारा कोणताही गुन्हा सामावणारी व्यापक संज्ञा. दोन्ही ठेवली आणि मध्ये अर्धविराम घातला. व्याकरणदृष्ट्या हे समानाधिकरण आहे, म्हणजे दोन्ही पदांनी एकच वस्तू निर्दिष्ट व्हावयास हवी. परंतु ती होत नाही. पूर्वार्ध गुन्ह्याच्या एका प्रकाराविषयी बोलतो, उत्तरार्ध कोणत्याही गंभीर गुन्ह्याच्या पुराव्याविषयी. आणखी एक मौज अशी की, ज्या 'सायबर गुन्ह्या'च्या नावाने करार ओळखला जातो त्या शब्दाची व्याख्या व्याख्यांच्या कलमात नाही. ज्याचे नाव त्याचाच पत्ता नाही, अशी ही अवस्था आहे.

आता सहभागाच्या नियमांकडे वळू. २६ मे २०२१ च्या ठरावाने समितीची कार्यपद्धती ठरविली. आर्थिक व सामाजिक परिषदेशी सल्लागाराचे नाते असलेल्या संस्थांना निरीक्षक म्हणून वाट मोकळी होती. इतर शासनेतर संस्था, नागरी समाजाच्या संघटना, विद्याविषयक संस्था व खाजगी क्षेत्र ह्यांची यादी अध्यक्षांनी करावयाची, ती सभासद राष्ट्रांपुढे 'हरकत नसल्यास' ह्या तत्त्वावर ठेवावयाची आणि अखेरचा निर्णय समितीने द्यावयाचा. 'हरकत नसल्यास' ह्या शब्दप्रयोगाकडे भाषाभ्यासकाने अवश्य लक्ष द्यावे. मौन ही संमती, असे आपण व्यवहारात मानतो. पण तेथे एकाचे मौन एकाच्या संमतीचे द्योतक असते. येथे सर्वांचे मौन मिळून एक संमती होते आणि एकाचा उच्चार ती अडवून धरतो. समितीला तो अडथळा दूर करता येतो हे खरे. तथापि सिद्ध करण्याचा भार मात्र उलटतो. संस्थेने आपली पात्रता दाखवावी इतके पुरे होत नाही. तिच्याविषयी कोणी बोलू नये, हेही लागते. ज्या संघटनांचे कार्यच आपापल्या शासनांना अप्रिय असलेल्या गोष्टी बोलण्याचे आहे, त्यांना ही अट जाचक व्हावी ह्यात नवल नाही. असे असूनही ह्या समितीची दारे अशा अनेक वाटाघाटींच्या मानाने अधिक उघडी होती, हे मान्य केले पाहिजे. राष्ट्रांची भाषणे आटोपल्यावर निरीक्षकांना बोलता येई, लेखी टिपणे देता येत, आणि अधिवेशनांच्या मधल्या काळात अध्यक्षांनी त्यांच्याशी वेगळी विचारविनिमयाची बैठकही ठेवावी अशी सोय होती. पहिल्या अधिवेशनापूर्वीच शंभराहून अधिक संस्थांनी व तज्ज्ञांनी मिळून मानवी हक्कांच्या संरक्षणाविषयी समितीला पत्र धाडले होते. आर्टिकल १९, ह्यूमन राइट्स वॉच, इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन, प्रायव्हसी इंटरनॅशनल ह्या संस्था, आणि दुसऱ्या टोकाला मायक्रोसॉफ्टसारखा उद्योग, ह्या सर्वांनी पुष्कळदा एकाच सुरात हरकती घेतल्या. एरवी परस्परांवर तुटून पडणारी ही मंडळी एका बाजूस उभी राहावीत, ही घटना बोलकी आहे.

ह्या उपस्थितीने काय साधले? चौथ्या अधिवेशनापुढे, जानेवारी २०२३ मध्ये, जो एकत्रित मसुदा होता त्यात तिसांच्या वर गुन्हे दिले होते, आणि त्यांपैकी कित्येक भाषणाविषयीचे, म्हणजे शुद्ध शब्दांचे गुन्हे होते. अखेरच्या संहितेत सातव्यापासून सतराव्या कलमापर्यंत अकराच उरले. प्रणालीत अनधिकृत प्रवेश, विदा अडवून घेणे, तीत ढवळाढवळ करणे, बनावटगिरी, फसवणूक, बालकांच्या लैंगिक शोषणाची सामग्री, संमतीवाचून खाजगी चित्रे पसरविणे इत्यादी. ही घट एकट्या नागरी समाजाचे यश म्हणून दाखविण्याचा मोह काहींना होतो, तो आवरावा. युरोपीय व इतर अनेक राष्ट्रांनाही ते गुन्हे नको होते आणि मत त्यांच्यापाशी होते. नागरी समाजाने पुरविली ती उदाहरणे. 'अतिरेकी', 'आक्षेपार्ह', 'विध्वंसक' ह्या विशेषणांखाली प्रत्यक्षात कोणाला अटक होते, हे त्यांनी देशादेशांतून आणून दाखविले. शब्दाचा अर्थ कोशात नसतो, प्रयोगात असतो, हे आपण वर्गात शिकवितो. त्या सभागृहात ते सिद्ध करून देण्याचे काम ह्या मंडळींनी केले.

ह्या संदर्भात भारताचे उदाहरण आपल्याला विशेष जवळचे, आणि सुखद मुळीच नव्हे. २०२२ साली समितीकडे पाठविलेल्या सूचनांत भारताने संपर्कसाधनाद्वारे आक्षेपार्ह संदेश पाठविणे हा गुन्हा मानावा असे सुचविले होते. त्या सूचनेची शब्दयोजना माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६६अ ची जवळजवळ प्रतिलिपी होती. हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात घटनाबाह्य ठरवून रद्द केलेले आहे. त्या खटल्याचे मूळ आपल्याच भागातले. नोव्हेंबर २०१२ मध्ये, शिवसेनाप्रमुखांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिल्याविषयी फेसबुकवर काही ओळी लिहिल्याबद्दल, तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघर येथील एका तरुणीला आणि त्या ओळींना पसंती दर्शविल्याबद्दल तिच्या मैत्रिणीला पोलिसांनी अटक केली होती. न्यायालयाने ६६अ च्या ज्या शब्दांवर बोट ठेवले ते पाहण्यासारखे आहेत : 'अतिशय आक्षेपार्ह', 'त्रास', 'गैरसोय'. ह्या शब्दांना मर्यादा नाही, एकाला जे आक्षेपार्ह ते दुसऱ्याला नाही आणि कोणत्या रेषेपलीकडे गुन्हा सुरू होतो हे नागरिकालाही कळत नाही व पोलिसालाही कळत नाही, असा त्या निर्णयाचा आशय. अर्थविचाराच्या परिभाषेत सांगावयाचे तर ही सारी अनुभवकर्तृसापेक्ष पदे होत. त्रास कोणाला तरी होतो, गैरसोय कोणाची तरी होते. तो 'कोणाला तरी' वाक्यातून गाळला की पद निरपेक्ष असल्याचा आभास निर्माण होतो आणि त्या रिकाम्या जागी सत्ता येऊन बसते. घरच्या न्यायालयाने टाकून दिलेले शब्द परदेशातील वाटाघाटींच्या मेजावर जावेत, हे नवलाचे आहे; त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाला, रद्द झालेल्या ह्या कलमाखाली कोणावरही खटला चालवू नये, असा आदेश पुन्हा द्यावा लागला, हे त्याहून नवलाचे. ही विसंगती उघडकीस आणली ती शासनेतर संस्थांनी. त्या नसत्या तर व्हिएन्ना येथील कोणत्या प्रतिनिधीला पालघर ठाऊक असते? सूचना अखेरच्या संहितेत आली नाही.

परंतु शब्दांचे गुन्हे पुढच्या दाराने बाहेर गेले, तरी मागच्या दाराचा बंदोबस्त झाला असे म्हणता येत नाही. हे मागचे दार म्हणजे 'गंभीर गुन्हा' ही संज्ञा. दुसऱ्या कलमातील तिची व्याख्या अशी : ज्या वर्तनाला कमाल शिक्षा किमान चार वर्षांच्या कारावासाची किंवा त्याहून कठोर आहे, ते वर्तन म्हणजे गंभीर गुन्हा. ही व्याख्या संघटित गुन्हेगारीविरोधी २००० च्या करारातून उचललेली आहे. संज्ञाशास्त्राच्या दृष्टीने हिच्याकडे पाहिले तर पाणिनीच्या कृत्रिम संज्ञांची आठवण होते. अष्टाध्यायीत 'वृद्धि' म्हणजे वाढ नव्हे. ती आ, ऐ, औ ह्या वर्णांची संज्ञा. शब्दाचा लौकिक अर्थ तेथे बाजूस ठेवलेला असतो, आणि त्याने काही बिघडत नाही, कारण ते तीन वर्ण निश्चित आहेत; काशीत वृद्धि एक आणि पैठणला दुसरी, असे होत नाही. 'गंभीर गुन्हा' ही संज्ञाही तशीच लौकिक अर्थापासून सुटलेली आहे, मात्र तिचे संज्ञी निश्चित नाहीत. व्याख्या स्वतः काहीच सांगत नाही. ती प्रत्येक राष्ट्राच्या दंडविधानाकडे बोट दाखविते. म्हणजे तिची किल्ली प्रत्येक विधिमंडळाच्या हाती राहते. तीनाचे चार केले की क्षुल्लक अपराध 'गंभीर' होतो.

आपल्याच कायद्यावर ही कसोटी लावून पाहावी. कलम ६६अ खाली कमाल शिक्षा तीन वर्षांची होती. म्हणजे ते जिवंत असते तरी ह्या व्याख्येच्या बाहेर राहिले असते. धार्मिक भावना दुखावण्याचा अपराध, भारतीय न्याय संहितेचे कलम २९९, तीन वर्षे, तोही बाहेर. परंतु १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या त्याच संहितेचे कलम १५२, देशाचे सार्वभौमत्व, एकता व अखंडता धोक्यात आणणारी कृत्ये, त्यात बोललेले वा लिहिलेले शब्द व इलेक्ट्रॉनिक संप्रेषण ह्यांचा नामनिर्देश आहे, आणि शिक्षा आजन्म कारावास किंवा सात वर्षांपर्यंत. ते कलम आत येते. म्हणजे अकरा गुन्ह्यांच्या यादीतून भाषणाचा अपराध वगळला, तरी पुराव्याच्या देवघेवीसाठी तो 'गंभीर' ह्या विशेषणाच्या पाठीवर बसून परत येऊ शकतो. दोन्ही देशांत तो गुन्हा नसल्यास विनंती नाकारण्याची मुभा राष्ट्रांना आहे, हे येथे नमूद केले पाहिजे. पण ती मुभाच आहे, बंधन नव्हे, आणि ज्या दोन शासनांना परस्परांचे टीकाकार समान रीतीने अप्रिय आहेत, त्यांच्यात ती वापरली जाण्याचे कारण उरत नाही. देशांतर्गत तपासाची व्याप्ती तर ह्याहूनही मोठी. तेविसाव्या कलमाप्रमाणे तपासाचे अधिकार कोणत्याही गुन्ह्याचा इलेक्ट्रॉनिक पुरावा गोळा करण्यास लागू होतात. तेथे चार वर्षांचीही अट नाही. आजच्या काळात ज्याचा इलेक्ट्रॉनिक पुरावा नाही असा गुन्हा शोधूनच काढावा लागेल.

आता दुसरा शब्द. चोविसावे कलम हे अटी व संरक्षणे ह्यांचे, म्हणजे साऱ्या करारात नागरिकाचे स्वतःचे म्हणता येईल असे कलम. त्याच्या दुसऱ्या परिच्छेदाचा आशय असा की, प्रत्येक राष्ट्राच्या देशांतर्गत कायद्यानुसार व त्याच्या आधारे, संबंधित अधिकाराचे स्वरूप लक्षात घेता यथोचित असेल त्याप्रमाणे, संरक्षणांत न्यायालयीन किंवा अन्य स्वतंत्र तपासणी, परिणामकारक दाद मागण्याचा हक्क, अधिकार वापरण्याची समर्थक कारणे आणि व्याप्ती व कालावधी ह्यांची मर्यादा ह्यांचा अंतर्भाव होईल. मूळ इंग्रजीतील 'ॲज ॲप्रोप्रिएट' ह्या दोन शब्दांसाठी आम्ही येथे 'यथोचित' योजला. पदव्युत्तर वर्गात हा परिच्छेद भाषांतरास दिला असता एकाने 'योग्य तेथे', दुसऱ्याने 'योग्य त्या रीतीने', तिसऱ्याने 'योग्य वाटल्यास' असे लिहिले. आणि खरे सांगावयाचे तर तिसरे भाषांतरच अर्थाच्या सर्वांत जवळ जाते. 'वाटणे' हे मराठीत अनुभवकर्त्याची चतुर्थी मागणारे क्रियापद आहे. 'योग्य वाटल्यास' म्हणताच 'कोणाला?' हा प्रश्न उभा राहतो, आणि उत्तर येते, ज्याच्या हाती अधिकार आहे त्यालाच. इंग्रजी वाक्यरचनेने लपविलेला कर्ता मराठी वाक्यरचना ओढून बाहेर काढते. ६६अ मधील 'त्रास' व 'गैरसोय' ह्यांच्यासारखाच हा प्रकार आहे. तेथे अनुभवकर्ता गाळून नागरिकाला पकडले, येथे अनुभवकर्ता गाळून शासनाला सोडले.

शिवाय वाक्यातील विध्यर्थाचे काय होते तेही पाहावे. 'शॅल' ह्या बंधनकारक क्रियापदाने वाक्य बांधलेले आहे, ज्यासाठी आपल्या विधिभाषेत 'करील' वा 'होईल' हे भविष्यकाळी रूप वापरण्याचा प्रघात आहे. ह्या 'होईल'पूर्वी दोन उपाधी येतात, देशांतर्गत कायद्याची आणि यथोचिततेची, आणि मग ते 'होईल' विध्यर्थी 'व्हावे'च्या जवळ सरकते. आज्ञा, उपदेश व इच्छा ह्यांच्या सीमेवर घोटाळणारे ते आपले परिचित 'व्हावे'. मीमांसकांनी विधी व अर्थवाद ह्यांत जो भेद केला, त्याची येथे आठवण व्हावी. रूप विधीचे आहे. कार्य मात्र बरेचसे स्तुतिवाक्याचे, म्हणजे अर्थवादाचे, उरते.

तथापि ह्या दोषाचा सारा भार नव्या करारावर टाकणारी जी टीका प्रसिद्ध झाली आहे, तिच्याशी आम्ही सहमत नाही. 'यथोचित' ही उपाधी बुडापेस्ट कराराच्या पंधराव्या कलमात २००१ पासून जवळजवळ त्याच शब्दांत आहे. ज्या राष्ट्रांनी नव्या कराराला अधिकारवादी म्हणून नावे ठेवली, त्यांच्याच जुन्या घरातून ही वस्तू आलेली आहे. नव्याने जोडले गेले ते देशांतर्गत कायद्याचे अग्रस्थानी असलेले पद, आणि त्याच्याच जोडीला दाद मागण्याचा हक्क. पहिले वजा, दुसरे अधिक. प्रमाणबद्धतेचे तत्त्व संहितेत आले. कायदेशीरता, आवश्यकता व भेदभावाचा अभाव ही तत्त्वे नावानिशी घालावीत, ही नागरी समाजाची मागणी फळली नाही.

सहावे कलम मानवी हक्कांच्या आदराचे. त्याचा दुसरा परिच्छेद सांगतो की ह्या करारातील कशाचाही अर्थ मानवी हक्कांच्या वा मूलभूत स्वातंत्र्यांच्या दमनाला परवानगी देणारा असा लावला जाणार नाही. पुढे अभिव्यक्ती, सदसद्विवेक, मत, धर्म, शांततामय सभा व संघटन ही स्वातंत्र्ये नावाने दिली आहेत. हे वाक्य विधी नव्हे, निषेधही नव्हे. ते परिभाषासूत्र आहे, इतर सर्व वाक्ये कशी वाचावीत हे सांगणारे. म्हणूनच त्याचे महत्त्व मोठे. अखेरच्या अधिवेशनात इराणने हा परिच्छेद गाळावा असा प्रस्ताव मांडला. प्रस्तावाच्या बाजूने २३, विरुद्ध १०२ मते पडली. २६ राष्ट्रे तटस्थ राहिली. बाजूने मत देणाऱ्या २३ राष्ट्रांत रशिया, सीरिया, उत्तर कोरिया, सुदान ह्यांच्यासमवेत भारत होता. ज्या देशाच्या राज्यघटनेचा एकोणिसावा अनुच्छेद ह्यांपैकी काही स्वातंत्र्यांची यादी देतो, त्याच्या प्रतिनिधीला ती यादी करारात का नको होती, ह्याचा विचार करण्याचे काम राज्यशास्त्राच्या सहकाऱ्यांवर सोपवितो. आम्हांला नोंदवावयाचे आहे ते एवढेच की, कोणाला कोणता शब्द नको होता हे जगाला कळले, कारण ते मतदान उघड्या सभागृहात झाले.

आणि नेमके हेच सर्वत्र झाले नाही. वाटाघाटी जसजशा कठीण शब्दांपाशी आल्या, तसतसे काम पूर्ण सभेतून अनौपचारिक बैठकांकडे सरकत गेले आणि त्या बैठकांत निरीक्षकांना मज्जाव होता. म्हणजे सहभाग होता तेथे निर्णय पुष्कळदा नव्हता, आणि निर्णय होता तेथे सहभाग नव्हता. पुराव्याची व्याप्ती आणि संरक्षणे ही दोन्ही प्रकरणे अशाच बैठकांतून घडत गेली. तेव्हा निरीक्षकांच्या संख्येचा अभिमान बाळगणाऱ्यांनी प्रथम कोणता शब्द कोणत्या खोलीत ठरला ह्याचे कोष्टक मांडून दाखवावे.

दोष सारा दारबंदीचा मात्र नव्हता. नागरी समाजाच्या टिपणांचे वाचन केले असता त्यांत दोन प्रकार स्पष्ट दिसतात. काही टिपणे आवाहनाच्या भाषेत आहेत. हक्कांचे रक्षण व्हावे, दुरुपयोग टळावा, समतोल राखावा. त्यांतील भावनेशी कोणाचे वैर असणार? पण मसुदा करणाऱ्या प्रतिनिधीला त्यांचा उपयोग नसतो. त्याला कलम, परिच्छेद आणि पर्यायी वाक्य हवे असते. दुसऱ्या प्रकारची टिपणे तसे वाक्य देतात. सुरक्षा-संशोधकांचे प्रकरण ह्याचे चांगले उदाहरण आहे. संगणकप्रणालीतील छिद्रे शोधून ती मालकाला कळविणारा संशोधकही 'अधिकारावाचून' प्रवेश करणाराच ठरतो, म्हणून दुष्ट हेतूची अट सातव्या कलमात बंधनकारक करावी, अशी नेमकी सूचना पुढे आली होती. ती मान्य झाली नाही. राष्ट्रांना अशी अट घालता येईल, एवढेच 'मे' ह्या मुभादर्शक क्रियापदाने म्हटले आहे. पण त्रेपन्नाव्या कलमात, प्रतिबंधक उपायांच्या यादीत, संशोधकांच्या वैध कार्याचे योगदान मान्य करण्याचा उल्लेख शिरला. तो देशांतर्गत कायदा परवानगी देईल तितपत, अशा दुहेरी तिहेरी उपाधींनी इतका वेढलेला आहे की, मूळ नामाला श्वास घेणे कठीण व्हावे. तरीही शब्द आत आला. नेमके वाक्य मागितले तर अर्धे मिळते. केवळ तत्त्व मागितले तर प्रस्तावनेत हात जोडून उल्लेख होतो.

एका शब्दाने काय होते ह्याचा एक जुना दाखला येथे अप्रस्तुत होणार नाही. मानवी हक्कांच्या १९४८ च्या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' असाही अर्थ होऊ शकेल असा इंग्रजी शब्द जाऊ घातला होता. त्याऐवजी 'सर्व मानव' असा अर्थ देणारा शब्द आला, त्याचे श्रेय भारताच्या प्रतिनिधी हंसाबेन मेहता ह्यांना दिले जाते. त्या मुंबईच्या सार्वजनिक जीवनात व अखिल भारतीय महिला परिषदेत वावरलेल्या. पण त्या सभेत त्या शासनाच्या प्रतिनिधी म्हणून बसल्या होत्या, आणि म्हणून त्यांचा शब्द चालला. चळवळीत वावरलेल्या व्यक्तीला राष्ट्राच्याच आसनावर बसविणे हा सहभागाचा सर्वांत परिणामकारक प्रकार होय, असे ह्यावरून म्हणता येईल. भारतीय शिष्टमंडळात एखाद्या विद्यापीठाच्या विधिविभागातील वा भाषाविभागातील व्यक्तीचा समावेश करणे कोणत्याही नियमाने निषिद्ध नाही.

ह्या सहभागाला पाठबळ देणे म्हणजे काय, ह्याविषयी आपल्याकडे प्रवासखर्चापलीकडे विचार जात नाही. तो खर्च लागतोच. दोन आठवडे न्यूयॉर्क वा व्हिएन्ना येथे राहणे पुण्या-नागपूरच्या संस्थेला परवडणारे नाही, आणि म्हणूनच त्या सभागृहात दक्षिणेकडील देशांचा अनुभव पुष्कळदा उत्तरेकडील संस्थांच्या मुखातून बोलला गेला. पण द्रव्याइतकीच उणीव संहितांच्या भाषेची आहे. करार सहा भाषांत सारखाच प्रमाण आहे : अरबी, चिनी, इंग्रजी, फ्रेंच, रशियन व स्पॅनिश. १९६९ च्या व्हिएन्ना करारान्वये सर्व प्रमाण संहितांत शब्दांचा अर्थ एकच असल्याचे गृहीत धरावयाचे असते. ज्यांच्या पोलीस ठाण्यांत हे शब्द उद्या मराठीत, तमिळमध्ये वा स्वाहिलीत उच्चारले जाणार, त्या भाषांत ते उतरवून पाहण्याचे काम मसुद्याच्या वेळी कोणी केले नाही. केले असते तर 'योग्य वाटल्यास, पण कोणाला?' हा प्रश्न चोविसाव्या कलमाच्या आधी विचारला गेला असता. असे भाषांतर-परीक्षण करणे विद्यापीठाच्या भाषाविभागाच्या आवाक्यातील आहे, त्यास व्हिसाही लागत नाही, आणि 'विद्याविषयक संस्था' हा शब्द २०२१ च्या ठरावात निरीक्षकांच्या यादीत आपल्यासाठीच घातलेला आहे.

काम संपलेलेही नाही. आणखी गुन्ह्यांची भर घालू शकणाऱ्या पूरक मसुद्याच्या वाटाघाटी ह्याच समितीने, दहा दिवसांच्या दोन अधिवेशनांत, एक व्हिएन्ना व एक न्यूयॉर्क येथे, करावयाच्या असे आमसभेने करार स्वीकारतानाच ठरविले आहे, आणि २०१९ व २०२१ च्या ठरावांची पद्धती त्यांनाही लागू आहे. म्हणजे 'हरकत नसल्यास' हे शब्द पुन्हा येणार, आणि वगळलेले शब्दांचे गुन्हे पुन्हा मेजावर येण्यास वाव राहणार. तो पूरक करार स्वीकारार्थ विचारात घेण्यापूर्वी मूळ कराराचे साठ पक्ष होणे आवश्यक आहे. तेवढी सवड आहे. करार अंमलात आल्यावर पक्षराष्ट्रांची परिषद भरेल. तिच्याविषयीच्या सत्तावन्नाव्या कलमात शासनेतर व विद्याविषयक संस्थांकडून आलेली माहितीही विचारात घेता येईल असे म्हटले आहे, मात्र परिषद ठरवील त्या पद्धतीने त्या संस्थांना रीतसर मान्यता मिळालेली असली पाहिजे. 'घेता येईल', 'घेतली जाईल' नव्हे; आणि ती पद्धती नियमावलीवर सोडलेली आहे. त्या नियमावलीतील प्रत्येक 'येईल' व 'जाईल' पाहून घेणे, हे ह्या विभागाच्या येत्या वर्षाच्या अभ्यासगटापुढे ठेवण्यासारखे काम आहे.